क्रूझवर स्टिंगरेंबरोबर पाण्यात उतरायचंय, पण भीती वाटते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात मी बायकांची सकाळची पोहण्याची बॅच घेते. बॅचमधल्या कितीतरी जणींची मुलं अमेरिकेत आहेत. आई-बाबा तिकडे गेले की मुलं हौसेने क्रूझ बुक करतात, आणि त्या क्रूझमध्ये एक दिवस 'स्टिंगरेंबरोबर पोहणे' असतं. मग परभणी, जालना, लातूर, धाराशिव, सगळीकडून मला तेच निरोप येतात: ताई, पैसे भरलेत आणि आता झोप लागेना. मी स्वतः लेकीबरोबर कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर त्या पाण्यात उतरले आहे. औशाकडच्या आमच्या शेतातल्या विहिरीत मी सातव्या वर्षी पोहायला शिकले, तरी पहिला मासा पोटरीला घासून गेला तेव्हा माझी छाती धडधडत होती. म्हणून या प्रश्नांची उत्तरं मी मनापासून आणि सविस्तर देते. उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत. जिथे दुसरा प्रश्न पाहा म्हटलंय, तिथे तो जरूर पाहा.

१. ताई, स्टिंगरे म्हणजे नेमका कोणता मासा? मराठीत त्याला नाव आहे का?

आहे. कोकणात त्याला पाकट म्हणतात आणि तिकडच्या बाजारात तो विकायलाही येतो. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही, म्हणून हे नाव आपल्या कानावरून गेलेलं नसतं. पाकट शार्कच्या नात्यातला. अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. शरीर सुपासारखं पसरट, आणि कडा लाटेसारख्या हलवत तो पुढे सरकतो. डोळे वरच्या बाजूला, तोंड पोटाकडे, त्यामुळे तोंडापुढचं खाणं त्याला दिसतच नाही. वासाने आणि स्पर्शाने तो ते शोधतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. डोळ्यांमागे दोन छिद्रं असतात, त्यांतून तो पाणी आत ओढतो. म्हणूनच वाळूत स्वतःला पुरून घेऊनही त्याला श्वास घेता येतो.

कॅरिबियन समुद्रात दिसते ती जात सदर्न स्टिंगरे. मादी दीड मीटरपर्यंत रुंद होते, नर तिच्या निम्म्याच्या आसपास. ज्या मोठ्या माशांना पाहून पोटात गोळा येतो, त्या सगळ्या माद्या असतात.

२. हे नेमकं कुठे असतं? जहाजावरून थेट समुद्रात उडी मारायची असते का?

नाही हो. सगळ्यात प्रसिद्ध जागा ग्रँड केमन बेटाच्या उत्तरेला, नॉर्थ साउंड नावाच्या खाडीत आहे. मोठं जहाज जॉर्ज टाउनसमोर नांगर टाकून उभं राहतं, तिथून लहान बोटीने किनाऱ्यावर न्यायचं, मग गाडीने धक्क्यावर, आणि दुसऱ्या बोटीने वाळूच्या उथळ पट्ट्यावर. बोटीच्या शिडीवरून पायरी-पायरीने उतरायचं असतं. पाण्यातला वेळ साधारण अर्धा-पाऊण तास. बहामा, अँटिग्वा, बोरा बोरा, मोरिया इथेही अशा सहली होतात.

मासे तिथेच का जमतात, हे कळलं की निम्मी भीती जाते. पूर्वी कोळी लोक प्रवाळाच्या आडोशाला, शांत पाण्यात बोटी थांबवून मासे साफ करायचे आणि आतडी-खवले पाण्यात टाकायचे. पाकटांना बोटीच्या इंजिनचा आवाज आणि खाणं यांचं नातं कळलं. पुढे १९८० च्या दशकात पाणबुडे आणि त्यांच्यामागून पर्यटक येऊ लागले. आजचे मासे माणसाच्या सवयीत वाढलेले आहेत. बाजाराच्या दिवशी भाजीच्या गाड्यापाशी गाय येऊन उभी राहते ना, तसे ते येतात.

३. मला अजिबात पोहता येत नाही. मी गेले तर चालेल का?

चालेल. केमनच्या त्या पट्ट्यावर पाणी तीन-चार फूट असतं, पाय वाळूला टेकतात. पाच फूट उंचीच्या बाईला ते कमरेपासून छातीपर्यंत येतं. भरती-ओहोटीने आणि वाऱ्याने यात फरक पडतो, आणि पट्ट्याची कड संपली की खोली एकदम वाढते. तेव्हा लाइफ जॅकेट घालाच, आणि बुकिंग करताना 'वाळूच्या उथळ पट्ट्यावरची सहल' हेच घ्या. त्याच परिसरात बारा फूट खोलीची दुसरी जागाही आहे, ती पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी.

लाट मात्र विहिरीत नसते, पोहण्याच्या तलावातही नसते. छातीइतक्या पाण्यात छोटी लाटसुद्धा पाऊल उचलते. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकवून, लाटेकडे कूस करून उभं राहायचं. दोन्ही पाय जुळवून ताठ उभी राहिलेली बाई पहिल्याच लाटेला हलते आणि घाबरते.

४. तो डंख मारतो हे खरं ना? मग जाणूनबुजून त्याच्या घरात कशाला जायचं?

खरं आहे. शेपटीवर करवतीसारखे दाते असलेला काटा असतो आणि त्याच्याभोवती विष असतं. तो काटा शिकारीसाठी नाही, हॅमरहेड शार्कसारख्या शत्रूपासून वाचण्यासाठी आहे. पाकट पाठलाग करून कुणाला डंख मारत नाही. अंगावर पाय पडला, कुणी दाबलं, पळायला वाट राहिली नाही, तर शेपटी उसळते.

आपल्याला विंचू माहीत आहे. ढेकळाखालचा विंचू कुणाच्या मागे धावत येत नाही, हात त्याच्यावर पडतो तेव्हा नांगी बसते. म्हणून आपण चप्पल झटकून घालतो, आणि शेत काही सोडत नाही. पाकटाच्या पाण्यात असंच वागायचं. चप्पल झटकण्यासारखी जी सवय तिथे लागते, ती प्रश्न ६ मध्ये आहे.

५. पण तो ऑस्ट्रेलियाचा मगरीवाला माणूस स्टिंगरेनेच गेला ना?

हो. स्टीव्ह अर्विन, ४ सप्टेंबर २००६, क्वीन्सलंडजवळच्या बॅट रीफवर. काटा छातीत शिरला आणि वयाच्या ४४ व्या वर्षी ते गेले. हा प्रश्न मला प्रत्येकीकडून येतो, आणि 'तसं काही होत नाही' असं म्हणून मी तो उडवून लावत नाही. झालं होतं.

काय झालं होतं ते मात्र नीट पाहा. ते चित्रीकरण करत मोकळ्या समुद्रातल्या एका मोठ्या, माणसाची सवय नसलेल्या माशाच्या जवळून पोहत होते. माशाला आपण कोंडीत सापडलो असं वाटलं असावं. पाकटाच्या काट्याने माणूस दगावणं फार विरळ आहे. बहुतेक डंख पायाला, घोट्याला होतात, तेही चुकून पाय पडल्यामुळे. त्या घटनेतून तीन गोष्टी घ्यायच्या: माशाच्या वरून पोहायचं नाही, सगळ्यांनी मिळून त्याला घेरायचं नाही, आणि त्याच्यासमोरची वाट मोकळी ठेवायची. केमनमध्ये उभं राहून वावरायचं असल्याने पहिली गोष्ट आपोआप पाळली जाते.

६. पाय घासत चालायचं म्हणतात, ते नेमकं कसं?

रात्री पाणी द्यायला शेतात जाताना माणूस काठी आपटत जातो. कशासाठी? जनावराला आधी कळावं, त्याने बाजूला व्हावं. इथे काठीच्या जागी तळपाय आहेत. पाऊल उचलायचं नाही. वाळूवरून सरकवायचं, वीतभर एक, वीतभर दुसरं. वाळू हलली की पुरून बसलेल्या माशाला कळतं आणि तो निघून जातो. सरकता पाय त्याच्या कडेला लागला तरी तो फक्त सटकतो. वरून पडलेला पाय त्याला दाबतो, आणि डंख तेव्हाच होतो.

घरी ओल्या फरशीवर नको, घसराल. कमरेइतक्या पाण्यात, तलावाच्या उथळ बाजूला रोज चार फेऱ्या घाला. आठवड्यात पायाला सवय लागते, मग तिथे आठवण करावी लागत नाही. मागे सरकतानाही हाच नियम आहे, आणि घाबरलेला माणूस नेमका मागेच सरकतो.

७. मासा अंगाला घासला तर कसं वाटतं? मला नुसत्या विचाराने शिसारी येते.

घासणारच, हे गृहीत धरून जा. पोटाकडची बाजू फार मऊ असते, ओल्या अळिंबीवरून बोट फिरवल्यासारखी. पाठ किंचित खरखरीत आणि वरून बुळबुळीत. तो बुळबुळीत थर म्हणजे त्याचं संरक्षण, म्हणून पाठ चोळायची नसते.

माझ्या बाबतीत झालं ते असं. शिडीवरून उतरून मी चार पावलं सरकले. पाणी इतकं निवळ होतं की पायाची नखं दिसत होती. डावीकडून काळपट सावली आली. सावली, माझी पोटरी आणि तो मऊ स्पर्श, सगळं एका क्षणात. श्वास अडकला. लेक म्हणाली, "आई, सोड, श्वास सोड." मी तोंडाने हवा सोडली आणि पाहिलं, तर मासा वळून माझ्या गुडघ्याशी आला होता आणि त्याच्या डोळ्यांमागची ती छिद्रं उघडझाप करत होती. तोही श्वास घेत होता. त्यानंतर माझे हात आपोआप खाली आले.

याची तालीम घरी करता येते. शेकायची रबरी पिशवी अर्धी भरा, हवा काढून झाकण लावा. तलावात डोळे मिटून उभ्या राहा आणि मैत्रिणीला सांगा, न सांगता पाण्याखालून पोटरीला, गुडघ्यामागे, मांडीला घासून ने. पहिल्या दिवशी दचकाल. पाचव्या दिवशी दचकणं राहील, पाय मात्र जागचा हलणार नाही. एवढंच हवं आहे.

८. खरं सांगू का ताई, मला माशाची नाही, पाण्याचीच भीती आहे. लहानपणी मामाने विहिरीत ढकललं होतं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो तिसऱ्या-चौथ्या बोलण्यात बाहेर येतो. आधी सगळं माशाबद्दल असतं. मी विचारते, मासे नसतील तर त्या समुद्रात छातीइतक्या पाण्यात उभी राहशील का? उत्तराला वेळ लागला की मला कळतं. भीती दोन असतात. त्या एकत्र बांधलेल्या राहिल्या तर एकही सुटत नाही. पाण्याची आधी घ्या. ती इथे, आपल्या गावात सोडवता येते. माशाची पुष्कळशी तिच्याबरोबरच जाते.

आपल्याकडे पोरांना पोहायला शिकवायच्या दोन रीती होत्या. एक आमच्या आजोबांची. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक त्यांच्या हातात, आणि मी म्हणेपर्यंत ते पायरी सोडायला लावत नसत. दुसरी, काठावरून ढकलून द्यायची. त्या रीतीने काही जण पोहायला शिकले हे खरं. जे शिकले नाहीत ते पन्नाशीत माझ्याकडे येतात आणि पाणी नाकाला लागलं की त्यांचं अंग लाकूड होतं. यात तुमचा काही दोष नाही. शरीराने एकदा धडा घेतला, तो त्याला हळूहळू विसरायला लावायचा आहे.

सुरुवात घमेल्यापासून. कोमट पाणी मोठ्या घमेल्यात घ्या. चेहरा पाण्यात घालून नाकातून 'हूं' असा आवाज काढत हवा सोडा. आवाज चालू आहे तोवर नाकात पाणी शिरत नाही, ही खात्री अंगाला पटली पाहिजे. तीन सेकंद, पाच, मग दहा. श्वास कोंडून धरू नका. भीती कोंडलेल्या श्वासात वाढते.

मग मास्क (डोळे-नाक झाकणारा पाण्यातला चष्मा) आणि स्नॉर्केल (तोंडाने श्वास घ्यायची नळी). ते दोन्ही लावून घरातच पलंगावर बसा आणि संध्याकाळची मालिका बघा. हसू नका, हे फार उपयोगी पडतं. घाबरगुंडीचं एक मोठं कारण म्हणजे नाक बंद झाल्याची जाणीव, आणि ती सवय पाण्यात लावण्यापेक्षा कोरड्या जागी लावणं सोपं. वीस मिनिटं तोंडाने संथ श्वास घेता आला की तलावात तेच करा.

तलावात तिसरी गोष्ट शिका: पडल्यावर उभं कसं राहायचं. गुडघे छातीकडे ओढा, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबा, मग डोकं वर घ्या आणि पाय खाली टाका. घाबरलेला माणूस आधी डोकं वर काढायची धडपड करतो, त्यामुळे पाय तळाला लागत नाहीत. चार फूट पाण्यात गटांगळ्या खाण्याचं कारण बहुधा एवढंच असतं.

बीडकडच्या एक अठ्ठावन्न वर्षांच्या बाई आल्या होत्या, त्यांना ढकलण्याचा अनुभव सहाव्या वर्षीचा. चेहरा पाण्यात घालायला त्यांना नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, आज रबरी पिशवीचं करायचं का? केमनहून त्यांनी फोटो पाठवला. पाण्यात उभ्या आहेत, मास्क कपाळावर आहे, आणि शेजारून एक मोठी मादी चालली आहे.

९. किती दिवस आधी तयारी सुरू करू? आणि गावात तलाव नसेल तर?

पाण्याची भीती असेल तर सहा आठवडे, नुसती माशाची असेल तर दोन. उन्हाळ्यात बॅचला गर्दी असते, नाव आधी नोंदवा. टंचाईच्या वर्षी आपल्याकडे तलाव बंद राहतात हेही धरून चला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा पोहण्यासाठी पाणी कुठून मिळणार? अशा वेळी घमेलं आणि पलंगावरचा स्नॉर्केल, एवढ्यानेही पुष्कळ होतं.

एक कळकळीची विनंती. तलाव मिळाला नाही म्हणून शेततळ्यात उतरू नका. त्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरतो आणि वर यायला धरायला काही सापडत नाही. चांगले पोहणारेही त्यात गेले आहेत. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या काठालाही नको, तिथे गाळ आहे आणि खोली एकदम बदलते. विहिरीत फक्त ज्याला ती विहीर माहीत आहे अशा माणसाबरोबर आणि दोर लावून.

१०. सगळी तयारी केली, पण ऐन वेळी बोटीवर हातपाय गार पडले तर?

सगळ्यात शेवटी उतरा. पहिल्या पाच मिनिटांत लोक ओरडतात, पाणी गढूळ होतं, खाणं दिसलं की मासेही तिकडे धावतात. ते ओसरू द्या.

शिडीच्या खालच्या पायरीवर बसा, पाय पाण्यात सोडा. चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा-सात मोजत तोंडाने सोडा. सोडणं लांब असलं पाहिजे, धडधड त्यानेच उतरते. मग मार्गदर्शकाला सांगा, मला भीती वाटते, कडेला उभं राहायचंय. इंग्रजी येत नसेल तर मुलांकडून आधीच सांगून ठेवा. कमरेइतक्या पाण्यात शिडीला एक हात लावून उभ्या राहा. पाच मिनिटांनी शिडी सोडावीशी वाटली तर सोडा.

हात पाण्याबाहेर किंवा छातीशी ठेवा. बोटं हलवत हात खाली सोडले तर मासा खाणं समजून हुंगायला येतो. त्याला ते दिसत नाही, प्रश्न १ आठवा. शेजारी कुणाच्या हातात स्क्विड (माशांना खायला देतात ते माकूळ) असेल तर त्या माणसापासून दूर राहा, सगळी झुंबड तिथेच असते.

११. आई माळकरी आहे. खायला द्यायला हातात स्क्विड घ्यावं लागतं म्हणे. ते चुकवता येतं का?

येतं. ते ऐच्छिक असतं. पुष्कळ बोटींवर खाणं फक्त मार्गदर्शकच देतात. आईंना कडेला उभं करा, बोटीवर मांसाच्या बादलीपासून लांबची जागा द्या, आणि हे आदल्या दिवशीच ठरवून टाका. समुद्रात माळ काढायची की नाही हा त्यांचा प्रश्न. काढणार नसतील तर पोहण्याच्या गळाबंद कपड्याच्या आत घट्ट बसवा.

ज्यांना खायला द्यायचं आहे त्यांनी अंगठा आत दुमडून घ्यावा. पाकटाला चावे घेणारे सुळे नसतात, कवचं चिरडायच्या सपाट दातांच्या पट्ट्या असतात, आणि तो खाणं ओढून घेतो. मोकळं बोट मध्ये आलं तर चिमटा बसतो.

१२. साडी किंवा सलवार-कमीज घालून उतरता येईल का? दागिन्यांचं काय?

साडी नको, ओढणी तर मुळीच नको. ओलं कापड पायात अडकतं आणि लाटेत ओढतं. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो. त्यात संकोचही वाटत नाही आणि उन्हाने कातडी भाजत नाही. अंग झाकलेलं असलं की सनस्क्रीनही कमी लागतं. त्याचा तेलकट थर माशाच्या कातडीला चांगला नाही.

पैंजण, जोडवी, बांगड्या, अंगठ्या जहाजावरच्या खोलीतल्या तिजोरीत ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर कपड्याच्या आत पिनेने बसवा. पायात काही नको. केमनच्या त्या उथळ भागात माशांना इजा होऊ नये म्हणून पादत्राणं घालून उतरायला बंदी आहे.

१३. चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही.

नंबरचा मास्क मिळतो, बुकिंगच्या वेळीच विचारा. आणि तो आधी घरी घालून बघा (प्रश्न ८). चष्मा न लावता नुसत्या अंधुक सावल्या दिसल्या तर भीती दुप्पट होते, तेव्हा याला किरकोळ समजू नका.

१४. शुगर, बीपी, पाळी, लहान मूल: यांपैकी काही असेल तर?

शुगर असेल तर तळपायाला संवेदना आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. अनवाणी उतरायचं असतं, आणि बधिर पायाला लागलेलं कळत नाही. पायावर जखम असेल तर उतरू नका. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना 'समुद्रात जाऊ का' असं मोघम विचारू नका. 'अर्धा तास छातीइतक्या पाण्यात उभं राहायचंय आणि मला घाबरायला होतं' असं सांगा. गोळ्या वेळेवर घ्या. बोट लागत असेल तर त्याची गोळी निघण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. पाळीत उतरायला हरकत नाही, कप वापरता येत असेल तर उत्तम. लहान मूल कडेवर नको, लाटेत तुमचा तोल जातो. त्याला स्वतःचं जॅकेट घाला आणि एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्याकडेच पाहावं.

१५. आणि डंख बसलाच तर?

फार दुखतं, विंचवासारखंच, आणि दुखणं पहिल्या तासा-दीड तासात वाढत जातं. पाण्याबाहेर या, ओरडून मार्गदर्शकाला बोलवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबा. मग जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, ४५ अंशांच्या वर नाही, ३० ते ९० मिनिटं. पाकटाचं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून हा उपाय. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या पायाने ठरवू नका, दुसऱ्या कुणीतरी हात घालून पाहावं. दुखणाऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही.

छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपसायचा नाही. तो तसाच ठेवून लगेच दवाखान्यात न्या. साध्या दिसणाऱ्या जखमेतही काट्याचा तुकडा राहतो, म्हणून डॉक्टरांना दाखवायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारायचं. श्वास लागला, तोंड सुजलं, चक्कर आली तर तातडी आहे.

आपल्याकडे विंचू उतरवणारे होते. चुना, हळद, चिरा देणं, चोखणं, गच्च फडकं बांधणं, यातलं इथे काहीही करू नका.

१६. माशांना याचा त्रास होत नाही का? ते मासा उचलून पाठीवर ठेवतात, चुंबन घ्यायला लावतात.

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. त्रास होतो. मोकळ्या समुद्रातले पाकट रात्री फिरतात, या जागेवरचे दिवसा फिरू लागले आहेत, आणि एरवी एकेकटे राहणारे मासे तिथे दाटीवाटीने राहतात. दाटीत एकमेकांना जखमाही होतात. दुसऱ्या बाजूने, पर्यटनामुळेच केमनमध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं आहे आणि त्यांना पाण्याबाहेर काढायला बंदी आहे.

मी गेले तेव्हा एका मार्गदर्शकाने न विचारता मागून येऊन माझ्या पाठीवर मासा टेकवला होता. मला ते अजिबात आवडलं नाही, माशासाठीही आणि माझ्यासाठीही. 'चुंबन घेतलं की सात वर्षं नशीब उघडतं' असं हसत सांगतात, त्याला नाही म्हटलं तर कुणी रागवत नाही. बोट निवडताना विचारा, एका वेळी किती माणसं पाण्यात सोडता, आणि मासा उचलता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर दुसरी बोट बघा.

१७. पैसे भरलेत. घरचे म्हणतात, 'एवढं आलोय तर उतर.' मला नको वाटतंय.

मग उतरू नका. बोटीवर बसून वरूनही मासे स्वच्छ दिसतात, पाणी तेवढं निवळ असतं. तळाला काच असलेल्या बोटीच्या सहलीही तिथे असतात. सहल रद्द करायची मुदत प्रत्येक जहाजाची वेगळी असते, ती आजच बघून ठेवा.

आता नवरे आणि मुलं वाचत असतील तर त्यांच्यासाठी. 'काही होत नाही' हे वाक्य म्हणू नका. घाबरलेल्या माणसाला त्यातून एवढंच ऐकू येतं की माझं कुणी ऐकत नाही. हात धरून ओढू नका, गंमत म्हणून मागून पाय पकडू नका. शिडीच्या खालच्या पायरीवर तिच्या शेजारी बसा, तुमचेही पाय पाण्यात सोडा, आणि गप्प राहा. प्रश्न ८ मधल्या विहिरीतल्या मामाने एवढं केलं असतं, तर तिला मला विचारावंच लागलं नसतं.

१८. क्रूझ वगैरे नाही हो, पण कोकणात किंवा मुंबईला समुद्रात उतरलो तर तिथेही पाकट असतात का?

असतात. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकटांनी डंख मारले होते. हे मासे माणसाच्या सवयीचे नाहीत, पाणी गढूळ असतं, आणि खाली काय बसलंय ते दिसत नाही. तेव्हा तिथे केमनपेक्षा जास्त जपायचं. चौपाटीवर पादत्राणांची बंदी नाही, पायात जाड तळाचे बूट घाला, पण पाय सरकवतच चला (प्रश्न ६). विसर्जनाला तिथल्या जीवरक्षकांच्या हाती मूर्ती द्या, पोरांना गुडघ्याच्या पुढे पाण्यात जाऊ देऊ नका, आणि निघताना गाडीत गरम पाण्याचा एक मोठा थर्मास ठेवा.